सागाच्या बंदुका

शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, आणि ती वाजवणारा देवीलाल. घाटंजीच्या बाजारापासून कोसभर अलीकडच्या त्या गावात पोरांनी घड्याळ फारसं पाहिलेलं नव्हतं, पण देवीलाल रोज पाहिलेला होता. त्याने लोखंडी दांडा उचलला की दहा वाजायचे आणि पुन्हा उचलला की सुटी व्हायची. हेडमास्तर नरहरपंतांकडे साखळीचं घड्याळ होतं. ते बंद पडलं की तेही देवीलालच्या टोल्यावर लावून घेत, असं बाकीचे गुरुजी चहा पिताना हळूच म्हणायचे.

सन छप्पनमध्ये, वऱ्हाडचा कारभार नागपूरकडून उठून मुंबईकडे गेला त्या साली, देवीलाल शाळेत चपराशी म्हणून लागला. राजधानी बदलली म्हणून गावात काही बदललं नाही. कौलं गळायची ती गळतच राहिली. बदल झाला तो एवढाच, की सकाळी टेकडीवरून एक रांग उतरू लागली. पुढे खाकी कोट आणि पिवळा फेटा घातलेला देवीलाल, मागे तांड्याची पोरं, कोणाच्या हातात पाटी, कोणाच्या हातात नुसतीच भाकर.

ती रांग म्हणजे देवीलालची खरी कमाई. टेकडीपलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात चौथी पास झालेला तो पहिलाच माणूस. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. आगगाडी आली, मोटारी आल्या, लदेणी संपली, आणि बापाने तेच बैल नांगराला जुंपून इथे कपाशी लावली. आपली पोरं आता ढोरांमागे नाही, पाटीमागे गेली पाहिजेत, हे देवीलालच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तांड्याचा नायक खेमसिंग, म्हणजे तंटेबखेडे मिटवणारा, ज्याच्या शब्दाबाहेर तांड्यात चूल पेटत नसे असा माणूस, त्याच्या ओट्यावर देवीलालने दोन उन्हाळे खेटे घातले. शेवटी नायक कंटाळून हो म्हणाला. पण एक अट घातली. गावात कोणी आमच्या एका पोराच्या जरी अंगावर हात टाकला, तर त्या दिवसापासून सगळी पोरं परत रानात.

नायकाला शब्द देणं सोपं होतं. घरातल्या बाईला देणं अवघड गेलं. सुखीबाई, देवीलालची आई, तांड्यातली सगळ्यात जुनी म्हातारी. हातभर काकणं, पायात चांदीची कडी, ओढणीवर आरसे. तिला मराठी समजायची, पण ती कधी बोलली म्हणून कोणाला आठवत नव्हतं. घाटंजीच्या बाजारात ती बोट दाखवून मिरची घ्यायची आणि भाव पटला नाही तर मान फिरवायची. दुसऱ्याची बोली तोंडात घेतली की जीभ उष्टी होते, असं तिचं म्हणणं. नातवाला, घनश्यामला, शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिने देवीलालला एकच गोष्ट विचारली. लदेणीच्या सगळ्या वाटा, सगळ्या बैलांची नावं मी या पोराला सांगून ठेवलीत. तू त्याला घेऊन जाशील तो घनू मला तसाच परत आणून देशील ना? देवीलाल हसला होता. शाळेत काय माणसं खातात का, म्हणाला. दिवसा गुरुजींचं ऐकेल, संध्याकाळी तुझं ऐकेल. म्हातारीने घनूच्या डोक्याला तेल लावायला घेतलं.

आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं देवीलालचं म्हणणं सोळा आणे खरं ठरलं. त्याला कारण पांगऱ्याचे बैल.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा मान झाला की चाकावरच्या लाकडी बैलांचा. गावातल्या सुताराचे बैल चांगले असत, पण देवीलालचे बैल चालत. तो पांगऱ्याचं हलकं लाकूड आणायचा, शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून कोरायचा, आणि बैलाची मान अशी एका बाजूला किंचित वळवायचा की तो मागच्या जोडीदाराकडे बघतोय असं वाटे. सुखीबाई चिंध्यांच्या झुली शिवून द्यायची, त्याला कवड्या लावायची. तान्ह्या पोळ्याला ते बैल सजवून पोरं घरोघर जात, दारात झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणत, आणि मग वर्षभर तोच खेळ चाले. मधल्या सुटीत शाळेच्या मागच्या मैदानात बाजार भरे. वाळूचं मीठ, चिंचोक्यांची ज्वारी, बैलांचा तांडा निघाला की वाटेत नदी लागे, नदीत पूर येई, बैल वाहून जाई, मग त्याला काढायला सगळे धावत.

या खेळात तांड्याची पोरं राजे होती. बैल कसा हाकायचा, ओझं कसं लादायचं, मुक्कामाला बैल कसे वर्तुळात बांधायचे, हे त्यांनाच माहीत. घनू तर आजीकडून ऐकलेल्या बैलांची नावं पाठ म्हणायचा. गावातली पोरं त्याच्याकडून बैल हाकायचे शब्द शिकत, आणि ते अर्थातच गोरबोलीत, तांड्याच्या घरच्या भाषेत. ओव्हरसियरचा मुलगा यज्ञेश्वर, गोरापान, डोईला चकचकीत तेल, घरी शुद्ध बोलणारा, तोही बैलाची दोरी हातात घेतली की तांड्याच्या बोलीत असा हाकारा करी की देवीलालला हसू आवरत नसे. एकदा तो घनूबरोबर तांड्यात आला आणि सुखीबाईला 'दादी' म्हणून त्याने गोरबोलीत भाकर मागितली. म्हातारीने आनंदाने त्याला गुळाबरोबर दोन बाट्या, म्हणजे भाकरी, चारल्या. ओव्हरसियरीणबाईंना कळलं तेव्हा त्या काय म्हणाल्या ते यज्ञूने कधी सांगितलं नाही, पण तो पुढेही येत राहिला. काय दिवस होते ते! देवीलालला पुढे म्हातारपणी कोणी विचारलं की नोकरीची वर्षं कशी गेली, तर तो बढतीचं नाही, पेन्शनचं नाही, त्या चिंचोक्यांच्या बाजाराचंच सांगायचा.

मग बासष्टची दिवाळी आली. सीमेवर चीनने हल्ला केला. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे माणसं दाटीवाटीने बसायची आणि कोणाला काही नीट कळलं नाही तरी सगळे गंभीर होऊन उठायचे. संरक्षण निधीसाठी गावात फेरी निघाली, तांड्यातही गेली. सुखीबाईला कोणीतरी गोरबोलीत समजावलं की देशावर लढाई आली आहे. तिने खाली बसून पायातलं चांदीचं कडं ओढलं. वर्षानुवर्षं घातलेलं, निघेना. तेल लावून, कातडी सोलून घेऊन तिने ते काढलं आणि पुढे केलं. सगळा तांडा बघत होता. देवीलालची छाती त्या दिवशी दोन बोटं फुगली.

त्यामुळे नरहरपंतांनी त्याला बोलावून बंदुकांचं सांगितलं तेव्हा तो हुरळून गेला यात नवल नाही. नरहरपंत तसे मवाळ माणूस, गणित शिकवताना आवाज चढला तरी नंतर स्वतःच ओशाळणारे. पण त्या दिवसांत त्यांच्याही अंगात वीर संचारला होता.

"देवीलाल, सव्वीस जानेवारीला आपल्या मुलांचं संचलन काढायचं. हातात बंदुका हव्यात. लाकडी, पण अशा की बघणाऱ्याने म्हणावं, वा!"

"बनवतो न सर. पांगऱ्याच्या?"

"छे छे, पांगारा काय! बंदुकीला वजन हवं. घाटंजीच्या लाकडाच्या वखारीतून सागाचे तुकडे मिळताहेत. देशकार्य म्हणून फुकट देतो म्हणाला वखारवाला."

देवीलालने आयुष्यात बंदूक एकदाच जवळून पाहिली होती, फॉरेस्ट गार्डाच्या खांद्यावर. पण हात सवयीचा होता. त्याने दस्ते घोटले, नळ्या काजळीने काळ्या केल्या, जवसाचं तेल पाजलं, खटक्याच्या जागी लोखंडी खिळा वाकवून बसवला. घनू शेजारी बसून पॉलिश कागद घासायचा. बैल कोरताना देवीलाल गुणगुणायचा; बंदुका करताना तो गप्प, ओठ आवळून काम करत असे, आणि ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नाही. सव्वीस जानेवारीला पोरं त्या बंदुका खांद्यावर घेऊन गावातून चालली तेव्हा बायांनी ओट्यावरून फुलं टाकली. नरहरपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. रांगेत यज्ञूच्या मागे घनू होता, दोघांची पावलं एकत्र पडत होती. या सगळ्यात वाईट असं काहीच नव्हतं.

वाईट झालं ते नंतर. संचलन झालं, बंदुका उरल्या. नुसत्या कोठीत पडून राहण्यापेक्षा पोरांनी मधल्या सुटीत त्यांच्याशी खेळावं, असं नरहरपंत म्हणाले, आणि कोठीची किल्ली देवीलालकडेच होती.

आता कोणी म्हणेल, खेळणं ते खेळणं, पोरं आज बैल खेळतील, उद्या बंदूक, त्यात काय मोठं? असं म्हणणाऱ्याने तो फेब्रुवारी पाहिलेला नाही. बैल हातात असला की पोरांना दुसरा बैलवाला लागायचा, बाजार लागायचा, मीठ घेणारा लागायचा. बंदूक हातात आली आणि पोरांना पहिल्यांदा एक अशी गोष्ट लागली की जी मैदानात नव्हती. मारायला कोणीतरी लागलं. शत्रू कोण होणार? चिनी कोण होणार?

कोणीच होईना. चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर ज्याच्या नावाची निघे तो रडून घरी जाई. दोन-चार दिवस खेळ त्याच अडचणीत अडकला. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, आणि कोणाच्या ते पुढे कितीही विचारलं तरी पोरांनी सांगितलं नाही, की हे तांड्याचे आपसात बोलतात ते आपल्याला कळतं कुठे? चिन्यांचंही कळत नाही. झालं. ठरलं.

तांड्याच्या पोरांच्या बंदुका काढून घेतल्या गेल्या. चिन्यांकडे चांगल्या बंदुका कशाला? मैदानाच्या एका कडेला त्यांना उभं करायचं, दुसऱ्या कडेने फौज धावून यायची. फौजेचा कप्तान यज्ञू. घनू पहिल्या दिवशी घरी आला तो कोपर सोलवटून. वाटेत त्याने बापाला सगळं सांगितलं, आणि उद्या मला शाळेत यायचं नाही म्हणाला.

इथे देवीलालची चूक झाली. ती चूक तांड्याच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. तांड्यात होळीच्या दुसऱ्या दिवशी एक खेळ असतो. ज्या घरी वर्षभरात मुलगा जन्मला असेल, त्या घरासमोर बायका गोडधोडाने भरलेली चरवी खुंटाला दोरांनी आवळून बांधतात आणि काठ्या घेऊन राखण करतात. पुरुषांनी ती चरवी पळवायची. बायका काठ्यांनी सडकून काढतात, खोटं खोटं नाही, पाठीवर वळ उठतील असं. आणि पुरुषांनी ते हसत हसत सोसायचं. जो रागावला त्याची वर्षभर टिंगल. मार खाऊन हसणारा गडी खरा, हे देवीलाल स्वतः लहानपणापासून शिकला होता. त्याला वाटलं, खेळातला मार सगळीकडे सारखाच.

त्याने घनूला वाटेतल्या पळसाखाली उभं केलं आणि समजावलं. होळीत तुझा बाप मार खातो तेव्हा रडतो का? मग तूही रडू नकोस. ते मारतील, तू हस. खेळ आहे. चार दिवसांत कंटाळतील. बाकीच्या पोरांनाही त्याने तेच सांगितलं, आणि देवीलालने सांगितलं म्हणजे झालंच.

पोरं हसू लागली. तक्रार बंद झाली, म्हणून देवीलालचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा कोठी उघडून दिली, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही.

पण सकाळची रांग बदलली. टेकडी उतरताना ही पोरं आधी गोंगाट करायची, एकमेकांना हाका मारायची, लेंगी, म्हणजे तांड्याची होळीची गाणी, गायची. आता टेकडी उतरेपर्यंत बोलत आणि शाळेचं कौल दिसलं की तोंडं बंद. मग टेकडीच्या माथ्यावरच बंद होऊ लागली. घरी सुखीबाईला आणखी काही वेगळं दिसत होतं. ती घनूला पाणी मागायची, तो आणून द्यायचा आणि म्हणायचा, "घे." मराठीत. आधी तिला वाटलं पोरगं थट्टा करतंय. ती हसायची. मग तिने त्याला बैलांची नावं विचारली, तो म्हणाला, "मले नाई आठवत." तिने देवीलालला बोलावून सांगितलं की पोराच्या घशाला काहीतरी झालंय, बघ एकदा. देवीलालने घनूचा घसा पाहिला. घसा चांगला होता.

होळीला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी देवीलाल शाळेच्या मागच्या विहिरीवरून घागर घेऊन येत होता. मैदानात युद्ध ऐन भरात आलेलं. फौज धावत आली, तांड्याची पोरं पळाली, आणि घनू दगडाला अडखळून पालथा पडला. पडताना कोणाच्याही तोंडून निघतो तसा त्याच्या तोंडून शब्द निघाला, "याडी!" म्हणजे आई गं.

"बोलला! बोलला बे चिनी बोलला!" पाच-दहा पोरं एकदम ओरडली. "मारा!"

तेव्हा कुठे देवीलालला कळलं की या खेळात नियम काय आहे. गोरबोलीतला एक शब्द तोंडातून निघाला की दस्ते. पोरांनी घनूभोवती कडं केलं. यज्ञूचा दस्ता खाली आला. तो पांगऱ्याचा असता तर टेंगूळ येऊन भागलं असतं. सागाची धार भुवईवर बसली आणि रक्ताची धार गालावर उतरली. यज्ञू स्वतःच घाबरून मागे सरला. घागर देवीलालच्या हातून सुटली आणि तो धावला.

घनू उठून बसला होता. अर्धा चेहरा रक्ताने माखलेला, एक डोळा मिटलेला, आणि तो हसत होता. बाप येताना दिसला म्हणून आणखी मोठ्याने हसला. शहाण्यासारखं, सांगितल्याप्रमाणे, सगळे दात दाखवून.

देवीलाल त्याच्यापुढे मातीत गुडघ्यांवर बसला. त्याने पोराला उचलून छातीशी धरलं आणि गोरबोलीत म्हणू लागला, रड रे, रड, आता रड. घनूने रक्ताळलेला हात बापाच्या तोंडावर ठेवला आणि कानात कुजबुजला, "बापू, मराठीत बोल न. ऐकतेत."

त्या दिवशी सुटीची घंटा झालीच नाही. पोरं आपापली घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरून देवीलाल एकटा उतरला. खेमसिंग नायकाने त्याला काही बोल लावला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. नुसतं घनूच्या भुवईवरचा हळदीचा लेप पाहिला आणि ढोरं सोडायला सांगितलं. पाच वर्षांची रांग एका संध्याकाळी मोडली. देवीलाल घंटेखाली उभा राहिला आणि दांडा उचलायला त्याला बराच वेळ लागला.

नरहरपंतांनी स्वतः उभं राहून बंदुका कोठीत टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. सागाला वाळवी लागत नाही, त्यामुळे त्या पुढेही कित्येक वर्षं तशाच्या तशा तिथे होत्या. मग ते व्हरांड्यात देवीलालशेजारी येऊन बसले. हेडमास्तर चपराशाशेजारी जमिनीवर बसले हे त्या शाळेत पहिल्यांदाच घडत होतं.

"माझंच चुकलं रे," ते म्हणाले. "खेळ म्हणून मी बघितलंसुद्धा नाही. आता काय करू सांग. नायकाच्या पाया पडायला येऊ?"

"पाया पडून नाई होनार सर. होळीले या. अन् यज्ञूले संग आना."

"यज्ञूला? त्याला मारतील की रे!"

"मारतीन तर मले मारतीन," देवीलाल म्हणाला. "त्याले दाखवाचं हाय, का मार खाल्ल्यावर काय होते ते."

त्या वर्षी खेमसिंगच्याच घरी नातू झाला होता, म्हणजे चरवी नायकाच्या दारात. ऊन चढलं होतं, सगळा तांडा गोळा झाला होता, आणि नरहरपंत कोट घालून, घाम पुसत, यज्ञूचा हात धरून कडेला उभे. यज्ञू खाली बघत होता. त्याला घरून येऊ दिलं कसं कोण जाणे. बहुधा नरहरपंतांनी काहीतरी थाप मारली असावी. घनू थोड्या अंतरावर, भुवईला खपली धरलेली. बराच वेळ दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले आणि मग, पोरांचं असतं तसं, कधी शेजारी आले ते कळलंच नाही.

खेळ सुरू झाला. पुरुष चरवीकडे धावले आणि बायकांच्या काठ्या बरसल्या. देवीलाल सगळ्यात पुढे. त्याच्या बायकोने, रामीबाईने, वर्षभराचं उट्टं काढलं. खाकी कोट पाठीवर फाटेस्तोवर झोडपला. सगळा तांडा खदखदून हसत होता, देवीलालही.

"अबे, तुह्या बापाले तुही मायच मारून राह्यली!" यज्ञूच्या तोंडून निघून गेलं. "अन् तो हासून राह्यला?"

"तसंच असते," घनू म्हणाला. "आता पाह्य."

चरवी उपटली गेली, आरोळी उठली, आणि ज्या बायकांनी काठ्या चालवल्या होत्या त्यांनीच काठ्या टाकून पुरुषांना बसवलं. जिने ज्याला मारलं तिने त्याला आपल्या हाताने पहिला घास भरवायचा, अशी तिथली रीत. रामीबाईने देवीलालला लापशी भरवली, पाठीवरचा वळ बघून जीभ चावली आणि पदराने पुसला. यज्ञू डोळे विस्फारून बघत होता. देवीलालने त्याला जवळ बोलावलं.

"पाह्यलं? आमच्यात मारनाऱ्यालेच भरवा लागते. तू मारलं न घनूले? मंग भरव."

यज्ञूने लापशीचा घास घेतला आणि घनूपुढे धरला. घनूने तोंड उघडलं. यज्ञू रडायला लागला आणि खेमसिंग नायकाने मान वळवून खाकरल्यासारखं केलं.

"गुरुजी," नायक मराठीत म्हणाला, "उद्या पोट्टे येतीन."

देवीलालला वाटलं, जिंकलो. पाठ जळत होती, कोट फाटला होता, पण टेकडीवरून पुन्हा रांग उतरणार होती. नायकाला दिलेला शब्द कसाबसा का होईना सांधला गेला होता. एवढ्या आनंदात त्याला म्हातारीला दिलेल्या शब्दाची आठवण झाली नाही.

सुखीबाई ओट्यावर बसून लहान पोरांना गूळ-खोबरं वाटत होती. डोळे पुसत यज्ञू तिच्याकडे गेला आणि बैलांच्या खेळात शिकलेल्या गोरबोलीत, जुन्या सवयीने, मोठ्याने म्हणाला, "दादी, मन बाटी द!" म्हणजे आजी, मला भाकर दे. बायका टाळ्या पिटून हसल्या. म्हातारीचा चेहरा उजळला, तिने दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात घनू धावत आला. त्याने यज्ञूचा दंड घट्ट धरला आणि इकडेतिकडे बघत, धास्तावलेल्या आवाजात म्हणाला, "अबे, थे बोलू नोको! मारतेत!"

हसणं थांबलं. आसपास सगळी घरचीच माणसं होती. आई, बाप, आजी. ज्याने मारलं होतं तो तर समोर भाकर मागत उभा होता. तरी घनूचे डोळे मारणारा शोधत होते. बंदुका कोठीत बंद होत्या, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात होती, आणि पोर घाबरत होतं ते स्वतःच्याच अंगणात.

सुखीबाईने नातवाकडे पाहिलं. मग तिने त्याला ओढून मांडीवर घेतलं, इतका मोठा झालेला असूनही, आणि त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. ओठ दोनदा हलले, शब्द जुळेनात. सत्तर वर्षं जी बोली तिने तोंडात घेतली नव्हती ती तिने तेव्हा घेतली.

"खाय बेटा," ती अडखळत म्हणाली. "कोनी… नाई मारत."

घनूने मान हलवली आणि तो गूळ चघळू लागला. त्यानंतर म्हातारी आणखी काही वर्षं जगली. देवीलालशी, रामीबाईशी, साऱ्या तांड्याशी ती गोरबोलीत बोलायची, आणि नातवाशी तशाच मोडक्यातोडक्या मराठीत. तिचा शब्द चुकला की घनू तो नीट करून सांगायचा, आणि ती तो पुन्हा म्हणायची.